आवाजाची ओळख – यंत्राची आणि आपली

(तेल्हारा येथे तालुक्यातील महिला मंडळे आणि बचत गटांच्या मेळाव्यात मी केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बायांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यातच घातली आहेत.)

कापूस वेचणीचे दिवस आहेत. एका दिवसाची मजुरी बुडवून तुम्ही इथं आलात, म्हणून आधीच सांगते की आजचा विषय ऐकायला थोडा कॉम्प्युटरवाल्यांचा वाटेल. पण तो आपल्या घरापर्यंत आलेला आहे. माझ्यापर्यंत तो एका बाईच्या मोबाईलमधून आला, आणि तिथं मी चुकले. त्या चुकीपासूनच सुरुवात करते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या समुपदेशन केंद्रात एक बाई आली. नाव-गाव सांगत नाही. मारहाणीला कंटाळून दोन लेकरं घेऊन माहेरी आलेली. नवरा रोज रात्री वेगवेगळ्या नंबरांवरून फोन करायचा. कधी ओरडून, कधी अगदी हळू आवाजात, ‘पोरं उचलून नेईन, तुला जाळीन’ असं बोलायचा. शेजारच्या मुलानं शिकवल्यावर तिनं दोन फोन रेकॉर्ड केले आणि व्हॉट्सॲपवर मला पाठवले. मी म्हटलं, ‘झालं, पुरावा माझ्याकडे आला, आता काळजी करू नको.’ पुढं दोन महिन्यांनी तिचा फोन बिघडला. भावानं तो देऊन टाकला आणि दुसरा घेतला. मी काही बोलले नाही, कारण त्यात काही बिघडलं हे मलाच माहीत नव्हतं.

प्रकरण कोर्टात गेलं तेव्हा नवरा म्हणाला, हा आवाज माझा नाहीच. त्याचे वकील म्हणाले, आजकाल कॉम्प्युटरवर कुणाचाही आवाज करता येतो. मूळ फोन कुठे आहे? फोन नव्हता. रेकॉर्डिंग तपासणीला गेलं, त्याच्या आवाजाचा नमुनाही घेतला गेला. काही महिन्यांनी उत्तर आलं की ध्वनिमुद्रण तोकडं आणि अस्पष्ट आहे, निश्चित मत देता येत नाही.

मी ते तिला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘ताई, धा वर्सं त्या आवाजानं मी झोपेतून दचकून उठली. मले वयखू येत नाई काय?’

मैत्रिणींनो, मी एम.एस.डब्ल्यू. केलेली बाई. मुलाखत कशी घ्यायची, अहवाल कसा लिहायचा, सगळं शिकले. पण या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. यंत्राला ओळखता आलं नाही म्हणून दहा वर्षं ऐकणाऱ्या बाईची ओळख खोटी कशी ठरते? त्यानंतर मी हा विषय समजून घ्यायला लागले. जे समजलं ते सांगते.

आवाज ओळखणारं यंत्र म्हणजे काय, हे आधी पाहू. दोन यंत्रांत गल्लत करू नका. एक यंत्र आपण काय बोललो ते ओळखतं. मोबाईलला बोलून विचारलं की तो लिहून दाखवतो, ते हे. दुसरं यंत्र कोण बोललं ते ओळखतं. आज मी या दुसऱ्याबद्दल बोलते आहे.

प्रत्येकीचा गळा, जीभ, टाळू, नाक, दात वेगळे, म्हणून आवाज वेगळा. साधारण पुरुषाचे स्वरतंतू बोलताना सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा थरथरतात, बाईचे दोनशेच्या आसपास. यंत्र बोलण्याचे बारीक बारीक तुकडे करतं, एका सेकंदाच्या चाळिसाव्या भागाएवढे. प्रत्येक तुकड्यात कोणती कंपनं किती जोरात आहेत ते मोजतं. मग हे आकडे एका जाळ्यातून जातात. मेंदूतल्या पेशींच्या जाळ्यावरून कल्पना घेऊन केलेलं हे गणिताचं जाळं आहे, म्हणून त्याला न्यूरल नेटवर्क म्हणतात.

या जाळ्याला आधी कुणी नियम शिकवत नाही. त्याला हजारो लोकांचे आवाज ऐकवतात आणि विचारतात, हा कुणाचा? चुकलं की आतले आकडे थोडे हलवतात, पुन्हा ऐकवतात. असं लाखो वेळा. जिनिंगमध्ये वर्षानुवर्षं कापूस पाहणारा माणूस मूठभर रुई हातात घेऊन प्रत सांगतो. कशावरून, ते त्याला शब्दांत सांगता येत नाही. तसंच हे. शिकून झालं की यंत्र कुठल्याही बोलण्याची काहीशे आकड्यांची एक रांग करून देतं. दोन बोलण्यांच्या रांगा जवळ आल्या तर माणूस एकच असण्याची शक्यता जास्त, दूर गेल्या तर कमी. २०१८ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी अशी ५१२ आकड्यांची रांग करणारी पद्धत मांडली आणि ती खूप वापरली गेली.

इथं एक शब्द नीट ऐका. मी ‘शक्यता’ म्हटलं. यंत्र कधीच ‘हा तोच आहे’ असं म्हणत नाही. ते ‘इतके जवळ आहेत’ एवढंच म्हणतं. कितीपर्यंत जवळ म्हणजे तोच, ही रेघ माणूस आखतो. रेघ सैल आखली तर परका माणूस आपला ठरतो. घट्ट आखली तर आपलाच माणूस परका ठरतो. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणता येत नाहीत. समजा, एखादं यंत्र शंभरात एकदाच परक्याला आपला समजतं. ऐकायला छान वाटतं. पण ते दहा हजार लोकांच्या आवाजांवर चालवलं तर शंभर निरपराध माणसं त्यात अडकतील. म्हणून रेघ कुठं आखली, कुणी आखली, चूक झाली तर भरपाई कोण करणार, हे आपण विचारायलाच हवं.

‘आवाजाचा ठसा’ हा शब्द आपण बातम्यांत वाचतो. त्याचा इतिहासही जाणून घ्या. १९६२ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेतल्या लॉरेन्स कर्स्टा यांनी दावा केला की आवाजाचा आलेख बोटाच्या ठशासारखा असतो. पोलिसांना ते आवडलं, कोर्टातही गेलं. पण १९७९ साली तिथल्याच राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनं बजावलं की यात अनिश्चितता फार आहे, फार जपून वापरा. बोटाचा ठसा बदलत नाही. आवाज सर्दीनं बदलतो, वयानं बदलतो, दारूनं बदलतो, रडण्यानं बदलतो. ओरडलेला आणि कुजबुजलेला आवाज ओळखणं यंत्राला सगळ्यात कठीण जातं. आणि धमकी कशी दिली जाते? ओरडून, नाहीतर कुजबुजून! नमुना देताना मात्र तोच माणूस कागदावरचं शांतपणे, सभ्यपणे वाचतो. माझ्याकडे आलेल्या बाईच्या प्रकरणात हेच झालं.

बरं, बोटाचा ठसा तरी आपल्याला कुठे साथ देतो? रेशनच्या दुकानातलं मशीन आपल्यातल्या किती जणींचा अंगठा घेत नाही, हात वर करा. बघा, अर्ध्या हातांहून जास्त वर आले. निंदण-खुरपणानं, पऱ्हाटीच्या बोंडांनी, भांड्यांच्या राखेनं रेषा झिजल्या. मशीन बनवणाऱ्यानं कष्टाचा हात डोळ्यांपुढे ठेवलाच नव्हता. ज्याला समोर ठेवून यंत्र बनतं त्यालाच ते ओळखतं.

आवाजाचंही तसंच आहे. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड विद्यापीठानं २०१७ आणि २०१८ साली यूट्यूबवरच्या मुलाखतींतून प्रसिद्ध लोकांचे आवाज गोळा केले. व्हॉक्ससेलेब असं त्या संग्रहाचं नाव. पहिल्यात १,२५१ माणसं होती, दुसऱ्यात सहा हजारांहून जास्त. जगभरच्या संशोधकांची यंत्रं यावर शिकली. यात कोण आहेत? नट, खेळाडू, पुढारी. बायांपेक्षा पुरुष जास्त, आणि अमेरिकेतले लोक सगळ्यात जास्त. पुढं २०२२ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी या यंत्रांची परीक्षा घेतली, तेव्हा बायांच्या आणि अमेरिकेबाहेरच्या लोकांच्या बाबतीत यंत्रं जास्त चुकताना दिसली. आता तुम्हीच सांगा, डोळ्याला ‘डोया’ आणि केळीला ‘केयी’ म्हणणारी, तेल्हाऱ्याच्या बाजारात भाजी विकणारी बाई त्या संग्रहात कुठून असणार? सातपुड्याच्या पायथ्याची कोरकू बोलणारी आपली बहीण तर त्याहून लांब राहिली.

यावर कुणी म्हणेल, मग आपलेही आवाज द्यावेत. मराठी आवाज गोळा करण्याचं काम झालेलं आहे. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांच्या ‘कार्य’ नावाच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या खेड्यांतल्या लोकांनी मोबाईलवर मराठी वाक्यं वाचून दिली आणि त्याचे पैसे घेतले. सरकारच्या ‘भाषिणी’ योजनेतही लोकांकडून आवाज दान म्हणून घेतात. ही कामं बोलणं समजणाऱ्या यंत्रांसाठी आहेत आणि त्यातून आपल्या भाषेचं भलं होऊ शकतं. पण दान असो की मजुरी, देणारीला कळलं पाहिजे की आवाज कशाला वापरणार आणि उद्या नको म्हटलं तर पुसून टाकता येईल का. इंग्लंडच्या कर खात्यानं फोन करणाऱ्या लोकांचे आवाज धड परवानगी न घेता साठवले होते. २०१९ साली तिथल्या माहिती आयुक्तांनी दट्ट्या लावला आणि सुमारे ५० लाख लोकांच्या आवाजांची नोंद पुसावी लागली. आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि मुख्य कलमं लागू व्हायला त्यानंतर दीड वर्षाची मुदत ठेवली आहे. तोवर आपणच सावध राहायचं.

आता कायद्याकडे येते. फोनवरचं ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून चालतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७२ सालीच आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या मुंबईच्या लाचेच्या खटल्यात मान्य केलं. आरोपीला आवाजाचा नमुना द्यायला भाग पाडता येतं का, हा वाद मात्र बराच काळ चालला. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत मतभेद झाले. न्यायमूर्ती रंजना देसाई म्हणाल्या येतं, न्यायमूर्ती आफताब आलम म्हणाले की तसा कायदाच नाही. शेवटी २०१९ च्या ऑगस्टमध्ये रितेश सिन्हा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी निकाल दिला की संसद कायदा करेपर्यंत दंडाधिकारी असा आदेश देऊ शकतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ मध्ये आता हे लिहूनच ठेवलं आहे. अटक झालेली नसली तरी कारण नोंदवून दंडाधिकारी नमुना मागू शकतात. म्हणजे नवरा ‘माझा आवाज नाही’ म्हणाला तर तपासात त्याचा नमुना घ्या, असा आग्रह आपण धरू शकतो.

पण हे हत्यार दुधारी आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की नमुना आरोपीचाच नव्हे, साक्षीदाराचाही मागता येतो. त्याआधी १४ जुलै २०२५ ला विभोर गर्ग विरुद्ध नेहा या खटल्यात न्यायालयानं म्हटलं की नवरा-बायकोमधलं चोरून केलेलं फोनचं ध्वनिमुद्रण घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून घेता येतं. त्या खटल्यात ध्वनिमुद्रण नवऱ्यानं केलं होतं, बायकोचं. छळ होणाऱ्या बाईलाही या निकालाचा उपयोग होईल हे खरं. पण घरात मोबाईल कुणाच्या हातात असतो आणि चार्जिंगला लावलेल्या फोनला कुलूप कुणाचं असतं, हे तुम्ही मला सांगायला नको.

आमच्याकडेच गेल्या वर्षी एक मुलगी आली. सासरच्यांनी तिच्या आवाजातलं एक बोलणं नातेवाईकांत फिरवलं होतं. ती मला म्हणाली, ‘ताई, आवाज माझाच वाटतो, पण मी हे बोललेच नाही.’ पंधरा वर्षांपूर्वी मी तिच्यावर विश्वास ठेवला असता का, ठाऊक नाही. आज ठेवावा लागतो. जानेवारी २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक यंत्र जाहीर केलं, ज्याला कुणाच्याही आवाजाचा तीन सेकंदांचा नमुना पुरतो. तेवढ्यावर ते त्या आवाजात वाटेल ते बोलतं. आपण लग्नात म्हटलेलं मंगलाष्टक, बचत गटाच्या ग्रुपवर टाकलेला निरोप, एवढं पुरे. आणि लक्षात घ्या, नकली आवाज हा जुळावा म्हणूनच केलेला असतो. म्हणून ओळखणारं यंत्र ‘जुळतो’ म्हणालं तरी ते बोलणं खरं होतं, असं ठरत नाही. आवाज कुणाचा आणि ध्वनिमुद्रण अस्सल का, या दोन वेगळ्या तपासण्या आहेत. दुसरी मागायला विसरू नका.

मघाशी मागच्या रांगेतल्या काकूंनी विचारलं, दोघं भाऊ असले तर? अगदी बरोबर प्रश्न. इंग्लंडमधल्या एका बँकेनं ‘तुमचा आवाज हाच तुमचा पासवर्ड’ अशी सोय केली होती. २०१७ साली बीबीसीच्या एका पत्रकाराच्या जुळ्या भावानं त्याच्या आवाजाची नक्कल करून त्याच्या खात्यात शिरून दाखवलं. आपल्याकडेही २०१५ साली आयसीआयसीआय बँकेनं आवाजावरून ग्राहक ओळखण्याची सोय सुरू केली होती. कान तरी कुठे चुकत नाहीत? भाऊ-भाऊ, बाप-लेक यांच्या आवाजात फोनवर आपलीही फसगत होते. साध्या फोनवर आवाजाचा मधलाच पट्टा जातो, वरची बारीक कंपनं आणि खालची जाड कंपनं कापली जातात. म्हणून ‘बाईच्या कानाला सगळं कळतं’ असंही मी म्हणणार नाही. यंत्राच्या आंधळ्या भक्तीला उत्तर म्हणून कानाची आंधळी भक्ती नको.

मग काय हवं? दोन्ही तपासून घेणं हवं. आणि इथं मला माझ्या त्या पहिल्या बाईच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. १९८५ साली राम सिंग विरुद्ध कर्नल राम सिंग या निवडणुकीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ध्वनिमुद्रित पुराव्याच्या अटी सांगितल्या. त्यातली पहिलीच अट अशी की आवाज नीट ओळखला गेला पाहिजे, आणि तो ओळखणारा म्हणजे ध्वनिमुद्रण करणारा किंवा तो आवाज ओळखीचा असणारा माणूस! बाकीच्या अटी म्हणजे फेरफार झालेला नसावा, नीट सांभाळलेलं असावं, आवाज स्पष्ट ऐकू यावा. म्हणजे दहा वर्षं तो आवाज ऐकलेली बायको ही कायद्याच्या दृष्टीनं साक्षीदार आहे. तिची ओळख हा पुरावा आहे. उलटतपासणी होईल, खोडायचा प्रयत्न होईल. पण ‘यंत्राला कळलं नाही, तुला काय कळणार’ असं तिला कुणी म्हणू शकत नाही.

हे मला कळलं तेव्हा वकीलताईंशी बोलून आम्ही तिची आणि तिच्या आईची साक्ष नीट उभी केली. तो फोनवर कोणत्या नावानं हाक मारायचा, कोणती शिवी आधी द्यायचा, पोरांची कोणती गोष्ट बोलला जी घराबाहेर कुणाला माहीत नव्हती, हे सगळं आलं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १८ खाली संरक्षण आदेश मिळाला. त्यात फोनवरून संपर्क करायलाही मनाई आहे. पण सात महिने गेले. मी पहिल्या दिवशी फोन सांभाळायला सांगितला असता तर ते सात महिने तिला दचकत काढावे लागले नसते. ही माझी चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून आता थोडं कामाचं सांगते.

पहिलं, ज्या फोनवर ध्वनिमुद्रण झालं तो फोन विकू नका, बदलू नका, दुरुस्तीला देऊ नका. बिघडला तरी डब्यात ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेली नक्कल ही नक्कलच असते, त्यात आवाज दाबला जाऊन खराब झालेला असू शकतो. दुसरं, त्याच दिवशी वहीत लिहा: तारीख, वेळ, नंबर, तो काय बोलला, तेव्हा जवळ कोण होतं, आवाज कशावरून ओळखला. तिसरं, ध्वनिमुद्रणाला कात्री लावू नका. ‘कामाचं तेवढं’ कापून ठेवलं की फेरफार केला म्हणतात. चौथं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग, एक आपण भरायचा, एक तज्ज्ञानं. वकिलाला पहिल्या भेटीतच विचारा. पाचवं, कुणी आपल्या विरुद्ध ध्वनिमुद्रण आणलं तर घाबरून ‘हो, माझाच आवाज’ म्हणून मोकळ्या होऊ नका. मूळ फोन मागा, प्रमाणपत्र मागा, अस्सल असल्याची तपासणी मागा. आणि लेकाच्या, भाच्याच्या आवाजात ‘अपघात झाला, पैसे पाठव’ असा फोन आला तर ठेवून द्या, त्याच्या नेहमीच्या नंबरावर स्वतः लावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

संघटना म्हणूनही काही मागण्या करू या. आवाजाच्या तपासणीचे अहवाल वर्ष-वर्ष अडकू नयेत. अहवालात ‘जुळतो’ किंवा ‘जुळत नाही’ एवढंच न लिहिता कोणती पद्धत वापरली, ती मराठी बोलणाऱ्या बायांच्या आवाजांवर तपासली आहे का, चुकण्याची शक्यता किती, हे लिहिलेलं असावं. यंत्राच्या अहवालावर एकट्यावर कुणाला दोषी धरू नये आणि एकट्यावर कुणा बाईला खोटीही ठरवू नये. बायांच्या आवाजांचा साठा कुठलंही खातं, कुठलीही कंपनी त्यांना न विचारता करणार असेल तर आपण जाब विचारावा.

आपल्या चळवळीनं बायांना ‘आवाज उठवा’ असं इतकी वर्षं सांगितलं. आता तो उठलेला आवाज साठवला जातो, मोजला जातो, बनवताही येतो. म्हणून गप्प बसायचं का? नाही. त्या बाईनं ध्वनिमुद्रण केलं नसतं तर माझ्याकडे आधार म्हणून काहीच नसतं. यंत्र आपण वापरू. पण कुणाचा आवाज कुणाचा, हे सांगायला जेव्हा ती बाई उभी राहील, तेव्हा यंत्राच्या अहवालाआधी तिचं ऐकून घ्यायची सवय पोलीस ठाण्याला, कोर्टाला आणि सगळ्यात आधी आपल्यासारख्या कार्यकर्त्यांना लागली पाहिजे. मी ती उशिरा लावून घेतली.

जाताना एक काम सांगते. आपल्या गटात ज्या-ज्या बाईच्या फोनमध्ये असं काही साठवलेलं आहे, तिच्याकडे उद्याच जा आणि तो फोन कुठे आहे ते विचारा.